डुक्कर फियाटचं दाराचं हँडल: पितळेत ओतून घेतलं, आखूड पडलं

उलटे दार
मंडळी, राम राम. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आता स्वतःच फसलोय म्हणून धागा काढतोय.

आजोबांची १९५७ ची फियाट ११००, म्हणजे आपली डुक्कर फियाट, साताऱ्यात घरामागच्या पडवीत एकोणीस वर्षं उभी होती. दीड वर्षापूर्वी चौघांनी ढकलून बाहेर काढली. इंजिनच्या बाबतीत नशिबाने साथ दिली. १०८९ सीसीचं, ६८ बाय ७५ चं हेच इंजिन पुढे पद्मिनीत आलं, त्यामुळे बहुतेक सामान पुण्यात नाना पेठेत दोन फेऱ्यांत जमलं. गाडी सुरू होते, अंगणात पुढेमागे होते, शेजाऱ्यांच्या कपड्यांवर धूर सोडते.

अडलंय ते बाहेरच्या सामानावर. पुढच्या उजव्या दाराचं हँडल मधोमध मोडलं होतं. क्रोमला आधीच फोड आले होते, आतला धातू करडा आणि बिस्किटासारखा भुसभुशीत. ओळखीच्या एका वेल्डिंगवाल्याकडे नेलं. "पितळेचं दिसतंय, ब्रेझिंग करून देतो," म्हणाला. ज्योत लावली आणि दहाव्या सेकंदाला अर्ध्या हँडलचा मण्यासारखा गोळा होऊन त्याच्या चपलेशेजारी पडला. दोघंही गप्प.

सुदैवाने डिकीत आजोबांनी जपून ठेवलेलं दुसरं हँडल सापडलं, उजव्याच बाजूचं, फोडांनी भरलेलं पण अखंड. आमच्याकडे घंटा आणि समया ओतणारे एक ओतारी आहेत. त्यांनी ते हँडल वाळूत दाबून, साचा करून पितळेत ओतून दिलं. काम सुबक. पण दारावर लावायला गेलो तर दोन भोकांमधलं अंतर जुळेना. जुनं हँडल १४० मिमी, नवं १३८ ला किंचित कमी. खटका फिरवणाऱ्या चौकोनी दांड्याचं भोकही घट्ट. आणि घासून कसंबसं बसवलं तर हँडल आपोआप खाली लोंबतं, आतल्या स्प्रिंगला ते पेलत नाही.

प्रश्न तीन. आखूड का पडलं? लोंबतं का? आणि उरलेल्या तीन दारांचं काय करू? घरी आता "हँडल" हा शब्द उच्चारायची सोय राहिलेली नाही.

टॅपेट
पहिल्यांदा त्या ओताऱ्याला दोष देऊ नकोस. त्याने तू दिलंस तेच ओतलं. धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण एक टक्का, अ‍ॅल्युमिनियम सव्वा ते दीडच्या मध्ये, पितळ दीड टक्का. १४० चा दीड टक्का काढ. २.१ मिमी. तुझा हिशेब तंतोतंत बसतो. घंटा दोन मिमी लहान झाली तर कुणाला कळत नाही, म्हणून त्याला आजवर याची गरज पडली नाही.

मी भोसरीला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. आमच्या पॅटर्नवाल्याकडे, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना बनवणाऱ्याकडे, स्टीलच्या वेगवेगळ्या पट्ट्या असत. दिसायला साध्या फूटपट्ट्या, पण बिडाच्या पट्टीवरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा एक टक्का लांब, पितळेच्या पट्टीवरचा दीड टक्का लांब. तो हिशेब करतच नसे, पट्टी बदलायचा. नवीन पोरगं चुकून ती पट्टी उचलून लेथवर मापं घ्यायचं आणि मग जो दंगा व्हायचा तो विचारू नका.

आता लोंबण्याचं. तुझं मूळ हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं, डायकास्टिंग, म्हणजे पोलादी साच्यात दाबाने ओतलेलं. ते साधारण ३८५ अंशाला वितळतं, ब्रेझिंगची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे, म्हणून वेल्डिंगवाल्याकडे तो गोळा झाला. घनता ६.७ च्या आसपास. पितळ ८.४-८.५. म्हणजे तेवढंच हँडल सव्वा पट जड. शिवाय डायकास्टिंगचं हँडल मागून पोकळ असतं. तुझ्या ओताऱ्याने ती पोकळी भरून टाकली आहे का बघ.

उलटे दार
काका, भरली आहे! "मजबूत होईल" म्हणून त्यांनी मागून सपाट केलं. मीच मान डोलावली होती.

नुसताच वाचक
एवढा उपद्व्याप कशाला? इटलीत या गाडीचं सामान नवीन बनवून विकणारे आहेत. क्रेडिट कार्ड काढा, मागवा, मोकळे व्हा.

उलटे दार
मागवलंय ना. बोनेटवरचा मोनोग्राम आणि पुढच्या काचेचं रबर तिकडूनच आणलं, आणि दोन्ही चांगलं निघालं. हँडलं मात्र चार हवीत. तिकडची किंमत, वर टपाल, वर सीमाशुल्क मोजलं तर त्यात गाडीचा रंग होतो. आणि खरं सांगू का, एवढं इथे करता येत नसेल तर साताऱ्या-कोल्हापूरला राहून उपयोग काय!

शिरोलीकर
हे बोललास भावा! कोल्हापुरात असून हँडलासाठी इटलीला पत्र लिहायचं म्हणजे पन्हाळ्यावर बसून कात्रजला पाणी मागायचं.

आमचं फाउंड्रीचं काम. रोज बीड, कधीमधी गनमेटल. तुझ्या कामाला तीन गोष्टी सांगतो. एक, जुनं हँडल थेट साच्यात दाबू नको, त्याच्यावरनं पॅटर्न वेगळा कर. दीड टक्का आकस धर आणि वरनं बफिंगसाठी अर्धा मिमी ठेव. बफिंगवाला धारा खातो हे लक्षात घे, तुला फुगीर वाटंल एवढाच पॅटर्न बरोबर असतोय. दोन, मागची पोकळी पाहिजेच. वजनासाठी तर पाहिजेच, पण जाड-बारीक भाग शेजारी आले की जाड भाग शेवटी थंड होतोय आणि तिथं आत भोक पडतंय. क्रोम करताना ते भोक उघडं पडलं की रडायची पाळी. भिंत सगळीकडं तीन-साडेतीन मिमी ठेव. तीन, चौकोनी भोक ओतू नको. भरीव ओत, मग ड्रिल मारून कानशीनं चौकोन कर, नाहीतर ब्रोच मारून घे.

त्रिमिती
पॅटर्न लाकडाचा कशाला करताय? हँडल स्कॅन करा, कॉम्प्युटरवर १०१.५ टक्के मोठं करा, थ्रीडी प्रिंट काढा. प्रिंटवर पुट्टी मारून २२० आणि मग ४०० च्या पेपरने घासा, पातळ प्रायमर, झाला पॅटर्न. अमेरिकेत जे लेनोने २००९ मध्येच आपल्या १९०७ च्या व्हाइट स्टीमर गाडीच्या फीडवॉटर हीटरसाठी हे केलं होतं, स्कॅन करून आधी प्लॅस्टिकमध्ये नमुना. आता तर तालुक्याच्या गावी प्रिंटर आहेत.

आणि मी तर म्हणतो हँडलच प्रिंट करा. रंग मारा, कोण बघतंय.

टॅपेट
उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्यावर मे महिन्यात हात ठेवून बघ बाळा. प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक, पीएलए, साठ अंशाला मऊ पडतं. हँडल ओढायला जाशील आणि सुरणाच्या कोंबासारखं हातात येईल. पॅटर्नसाठी प्रिंट उत्तम, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी स्वतः आता लाकूड कोरत बसणार नाही.

पण स्कॅनबद्दल एक खुपतं. स्कॅनर जे आहे ते दाखवतो. जे होतं ते दाखवत नाही. डिकीतल्या हँडलला फोड आलेत, एक कड अंगठ्याने घासून गोल झाली असेल, दांड्याचं भोक सैल झालं असेल. ते सगळं इमानेइतबारे कॉम्प्युटरमध्ये जाईल आणि तू नवीन पितळेत साठ वर्षांची झीज ओतशील.

उलटे दार
मग मोजायचं काय?

टॅपेट
जिथे झीज पोचत नाही ती जागा. चौकोनी दांडा हँडलच्या भोकात किती भरतो?

उलटे दार
आत्ता व्हर्निअरने बघितला. टोकाला ६.७, कोपरे गोल. मध्ये ६.८. पार आत, जिथे वायसरखाली झाकला जातो तिथे ६.९५.

टॅपेट
म्हणजे तो ७ चा दांडा आहे. ड्रॉइंगवर कुणीतरी ७ लिहिलं होतं. कुणी ६.७ लिहीत नाही. तुझं काम हँडलची नक्कल करण्याचं नाही, ते ड्रॉइंग परत शोधण्याचं आहे. दांडा नवीन ७ चा कर आणि भोक त्याला जुळव. दोन भोकांचं अंतर तर हँडलवर मोजूच नकोस, दाराच्या पत्र्यावर मोज. पत्रा झिजला नाही.

गिअरचं उदाहरण देतो म्हणजे मुद्दा पक्का होईल. परवा एकाने स्पीडोमीटरच्या केबलचं छोटं गिअर आणलं, अठरा दात, दातांची टोकं गेलेली. साध्या सरळ दातांच्या गिअरला बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक दोन) केलं की मोड्युल, म्हणजे दाताचं ठरलेलं माप, मिळतं. त्याचा व्यास २९.६ भरला. भागिले वीस, १.४८. असं मोड्युल बाजारात नसतं. म्हणजे ते दीडचं गिअर, व्यास मुळात ३०. हॉबिंगवाल्याला, म्हणजे दात कापणाऱ्याला, दीड सांगितलं, काम झालं. पण आकडा २.१ च्या जवळ आला असता तर मी त्याला दोन सांगितलं नसतं. ती इंग्रजी मापाची डीपी (डायमेट्रल पिच) १२, म्हणजे मोड्युल २.११७. गाडी कुठल्या देशात जन्मली ते आधी विचारायचं. तिरक्या दातांना हा हिशेब चालत नाही, तिथे कोनही लागतो.

मिरजेची मॉरिस
टॅपेटकाका, देशाचं काढलंत म्हणून विचारतो. माझ्याकडे १९४६ ची मॉरिस टेन आहे. इंग्लिश गाडी म्हणून व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा, पान्यांचा संच आणला. पाने बोल्टच्या डोक्यावर झकास बसतात. पण एक बोल्ट तुटला म्हणून त्याच मापाचा व्हिटवर्थ बोल्ट घातला तर दोन आट्यांनंतर अडकला. लेथवाला म्हणतो आटे मेट्रिक आहेत, मी म्हणतो शक्यच नाही. मी जोर लावणार होतो, बायकोने पाना काढून घेतला.

कोव्हेंट्रीहून
वहिनींना नमस्कार सांगा, त्यांनी ब्लॉक वाचवला! लेथवाला बरोबर आहे. मी राहते त्या गावचीच ही गोष्ट. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इथे कोव्हेंट्रीत कारखाना टाकला. युद्धानंतर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक. पण इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्यांकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थची ठेवली. हा खिचडी प्रकार पन्नाशीच्या दशकापर्यंत चालला. एमजी टीसीच्या इंजिनातही हेच, कारण ते तुमच्या मॉरिस टेनच्याच घराण्यातलं.

त्यातही गंमत म्हणजे ८ मिमीच्या आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी आहे. हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा ८ चा बोल्ट १.२५ चा असतो. तोही घालू नका. लेथवर षटकोनी सळीतून करून घ्या, ८ बाय १, डोकं व्हिटवर्थचं. इथल्या जुन्या मेकॅनिकचा सल्ला असा की कुठलाही बोल्ट हाताने तीन आटे आत गेल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

मिरजेची मॉरिस
आभार. बायकोला हा प्रतिसाद दाखवला. चूक झाली.

रबरबाई
धागा छान चाललाय. रबरावर अजून कुणी बोललं नाही म्हणून मी. (होय, पोट भरतं त्यावर.)

उलटे दार, तुम्ही काचेचं रबर इटलीतून आणलंत, पण दारांच्या कडेचं कुठून? ते बहुधा इथेच करावं लागेल, कारण दर गाडीची फट वेगळी, त्यात साठ वर्षांत दोन-तीनदा पत्राकाम झालेलं. आणि इथेही काकांचं म्हणणं लागू. लोक जुन्या रबराचा तुकडा घेऊन येतात, "अस्संच पाहिजे". तो तुकडा वाळून दगड झालेला, आकसलेला, चपटा. त्याचं माप म्हणजे मेलेल्या माणसाच्या अंगावरून शर्ट शिवणं.

घरची युक्ती सांगते. कणीक जरा घट्ट मळा, प्लॅस्टिकच्या पिशवीच्या पट्टीत गुंडाळून वळ्या करा. दाराच्या चौकटीवर दर वीतभर अंतरावर एक चिकटवा. दार हळूच पूर्ण लावा, उघडा. दाबल्यावर वळीची जितकी जाडी उरली तितकी तिथली फट. ओळीने मापं लिहून काढा. स्पंजच्या रबराची पट्टी साधारण तीस टक्के दाबली गेली पाहिजे, म्हणजे १० मिमी फटीला १४ ची पट्टी. एका ठिकाणी ६ आणि दुसऱ्या ठिकाणी १३ आलं तर रबर शोधू नका, आधी बिजागरी आणि पत्रा सरळ करा.

माल सांगताना नुसतं "रबर द्या" म्हणू नका. दारं, काचा, डिकीला ईपीडीएम. ऊन आणि ओझोन त्याला काही करत नाही. पण त्याला पेट्रोल-ऑइल लागलं की फुगतं, तिथे नायट्राइल. ब्रेकच्या सिलिंडरमधल्या वाट्यांना उलट. आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, त्यात ईपीडीएम चालतं, नायट्राइल फुगतं. दुकानदार "ऑइल सील आहे, ऑइलमध्येच चालतं" म्हणून गळ्यात मारतात. ब्रेकच्या वाट्या घरी किंवा गल्लीत बनवायच्या नाहीत. तयार घ्या, ब्रँडच्या घ्या. सिलिंडर गंजून खड्डे पडले असतील तर आत स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह घालून मूळ बोअरला आणतात, ते मात्र जाणकाराकडून करून घ्यायला हरकत नाही.

शिरोलीकर
कणकेचं लई भारी. उद्या फाउंड्रीच्या गेटलाच करून बघतो, पाऊस आत येतोय.

टॅपेट
रबरबाई, कणकेची युक्ती उचलली.

उलटे दार, एक राहिलं. तुझ्या गाडीची पुढची दारं उलटी, नावातच घेतलंयस. बिजागरी मागे, कुलूप पुढे. चालत्या गाडीत खटका सुटला तर वारा दार उघडून फेकतो. हँडल पितळेचं कर, सोन्याचं कर. पण खटक्याचा दात आणि खांबावरचा अडसर, ही जोडी ओतायची नाही, प्रिंट करायची नाही, पितळेत तर नाहीच. दात झिजला असेल तर ईएन८ पोलादातून मिलिंग करून, कड तापवून कडक करून घे. दार लावून आतून खांद्याने ढकलून बघ. खडखड झाली तर अजून काम आहे.

त्रिमिती
काका, पण धातूचं प्रिंटिंग आता खरंच मजबूत आहे. पोर्शने स्वतः ९५९ गाडीच्या क्लचचा रिलीझ लिव्हर पोलादी पावडरमधून लेझरने प्रिंट करून विकला आहे.

टॅपेट
विकला, बरोबर. विकण्याआधी त्यांनी तो लिव्हर दाबून, चाचणी करून, आत काही दोष आहे का तेही तपासून बघितलं. तुझ्याकडे दाबून बघायचं यंत्र आहे? मग प्रिंट कर, मी पहिला येऊन बघेन. नाहीतर मिलिंगवाल्याकडे जा.

नुसताच वाचक
बरं, एक कायद्याचा प्रश्न. नवीन बनवलेलं सामान लावलं तर गाडी "व्हिंटेज" राहते का? आरटीओ अडवणार नाही?

मिरजेची मॉरिस
मी या वाटेने गेलोय. जुलै २०२१ ची केंद्राची अधिसूचना आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात राखलेली. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. हँडल, रबर, बोल्ट यात येत नाहीत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. नूतनीकरण ५,०००. पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढंच. भाजी आणायला न्यायची असेल तर विचार करून अर्ज करा.

उलटे दार
तीन आठवड्यांनी हजर.

त्रिमितीने दिलेल्या फाइलवर काकांनी फोनवरून दोन तास घालवले. फोड पुसले, झिजलेली कड सरळ केली, भोकांचं अंतर दारावरून घेतलं, भिंत साडेतीन मिमी, मागून पोकळ, सगळं १०१.५ टक्के आणि वर घासायला अर्धा मिमी. प्रिंट घेऊन त्याच ओताऱ्यांकडे गेलो. त्यांनी हातात फिरवून पाहिलं, "हे मूळच्यापेक्षा मोठं आहे, चुकलंय," म्हणाले. पट्टीची गोष्ट सांगितली. हसले. मग आतून वडिलांच्या वेळची एक काळवंडलेली स्टीलची पट्टी घेऊन आले. ही कायम खोटं मोजते म्हणून त्यांनी फळीच्या मागे टाकून दिली होती. माझ्या पट्टीशेजारी ठेवली. तीस सेंटिमीटरला साडेचार मिमी जास्त.

कास्टिंगमध्ये भोकांचं अंतर १४० आलं. बफिंगनंतरही तेच. भोकं जुळली. वजन मूळ हँडलपेक्षा जरासं जास्त, पण स्प्रिंग पेलते. आता क्रोमवाल्याकडे आहे. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम. तो म्हणाला की चमक निकेलची आणि बफिंगची, क्रोम वर नावाला, मायक्रॉनपेक्षाही पातळ. जस्ताच्या जुन्या हँडलांना तो हात लावायला तयार नव्हता, पितळ बघून खुश झाला.

आता डावी बाजू. म्हणजे पुन्हा नवा पॅटर्न, आणि मागच्या दारांचे दोन. चार हँडलं, चार पॅटर्न.

त्रिमिती
डाव्यासाठी फाइल आरशात फिरवायची फक्त, एक क्लिक. रात्री पाठवतो.

कोव्हेंट्रीहून
थांबा, चार कशाला? या गाडीची पुढची दारं मागे बिजागरी, मागची दारं पुढे बिजागरी. चारही दारं मधल्या खांबांवरच टांगलेली ना? मग बाहेरून दारासमोर उभं राहून पाहिलं तर उजव्या पुढच्या हँडलचं टोक ज्या दिशेला, त्याच दिशेला डाव्या मागच्याचंही असणार. एक काढून दुसऱ्या जागी धरून बघा. जुळलं तर दोनच पॅटर्न, फार तर किल्लीच्या भोकाचा फरक.

उलटे दार
ताई, साडेअकरा वाजता टॉर्च तोंडात धरून पडवीत जाऊन आलो. दिशा तरी तीच दिसतेय. खात्रीसाठी मागचं हँडल काढावं लागेल आणि त्याचा आतला स्क्रू जागचा हलत नाही. डिझेल सोडून ठेवलंय. सकाळी बघतो.